गेलेल्याचे खाते

परीक्षा आटोपल्या, निरोपसमारंभाचे हार सुकले, म्हणजे शाळेच्या कचेरीत एक जुने काम सुरू होते. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव दाखल-खारीज रजिस्टरात शोधावयाचे, त्यापुढे शाळा सोडल्याची तारीख, कारण व शेरा लिहावयाचा, मुख्याध्यापकांची सही घ्यावयाची आणि मग दाखला त्याच्या हाती द्यावयाचा. हे जाडजूड रजिस्टर ज्यांनी कधी जवळून पाहिले असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. गेलेल्याचे नाव त्यात खोडले जात नाही. आणि त्याचा दाखल क्रमांक पुढे दुसऱ्या कोणालाही दिला जात नाही. विद्यार्थी जातो, पण त्याची ओळ राहते. चाळीस वर्षांनी तो जन्मतारखेचा उतारा मागावयास आला, तरी ती ओळ त्याचीच असते.

हे असे का, याचा विचार विद्यार्थिदशेत आम्ही कधी केला नव्हता. तो करावयास लावला एका संगणकाने. शाळेत आता आणखी एक रजिस्टर असते. ते कपाटात नसून यंत्राच्या पोटात असते. त्यातही मुलांची व शिक्षकांची नावे असतात. त्यांतूनही दरवर्षी काहीजण निघून जातात. परंतु नवे खाते कसे उघडावे हे जो तो शिकवतो. गेलेल्याचे खाते बंद कसे करावे हे सहसा कोणी शिकवीत नाही. त्या विषयावर चार शब्द लिहावे, असे मनात आले. आम्ही कलाशाखेचे; यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. पण ज्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली, ती चूक आमच्या हातून झाली आहे. तेव्हा हा विषय सांगण्याचा तेवढा अधिकार आमच्याकडे आला आहे असे समजावे.

प्रथम एका संगणकावर अनेकांची खाती असतात म्हणजे काय, ते पाहू. आपल्या घरचा मोबाइल फोन बहुधा एकाच माणसाचा असतो. परंतु पूर्वी संगणक इतका महाग व अवाढव्य असे, की एकट्यादुकट्याने तो वापरणे परवडण्यासारखे नव्हते. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, त्या काळी लोक आपले काम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर आणून देत आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत. ही खोळंबाखोळंब टाळण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी एक युक्ती काढली होती. यंत्राचा वेळ बारीक बारीक तुकड्यांत वाटून द्यावयाचा. क्षणभर एकाचे काम, लगेच क्षणभर दुसऱ्याचे. यंत्र इतके चपळ, की प्रत्येकाला वाटावे, ते आपल्याच सेवेत आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये या पद्धतीचे प्रात्यक्षिक झाले. एका यंत्रात अनेकजण आले, म्हणजे ‘हे माझे, ते तुझे’ हा प्रश्न आलाच. म्हणून तेथे प्रत्येकाला नाव व परवलीचा शब्द देण्यात आला.

थोडक्यात सांगावयाचे तर असा संगणक म्हणजे एक मोठा वाडा. त्यात पुष्कळ बिऱ्हाडे. प्रत्येकाची खोली निराळी, किल्ली निराळी. आणि अंगण, विहीर, ओटा ही सामाईक. वाड्याच्या मालकाजवळ मात्र सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. संगणकातील या मालकाला ‘रूट’ असे म्हणतात. १९६९ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ नावाच्या कार्यप्रणालीचा आरंभ केला, तिच्यात ही वाड्याची व्यवस्था फार नेटकेपणाने बसवलेली होती. तिच्याच धर्तीवर १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा रचला. आज जगातील मोठमोठे संगणक याच कुळातील प्रणालीवर चालतात. पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्याच नावाचा नवा वंशज ‘परम रुद्र’ २०२४ साली जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठीही देण्यात आला. असल्या यंत्रावर कोणी एकटा बसत नाही. संशोधक येतात, खाते उघडतात, काम करतात आणि काम संपले की निघून जातात. अर्थात निरोपाचा प्रश्न तेथेही आहे आणि आपल्या शाळेच्या चिमुकल्या संगणक कक्षातही आहे.

आता यंत्राचे रजिस्टर उघडून पाहू. लिनक्समध्ये ‘पासडब्ल्यूडी’ नावाची एक साधी फाईल असते. प्रत्येक खात्याची तीत एक ओळ आणि प्रत्येक ओळीत सात रकाने: वापरणाऱ्याचे नाव, परवलीच्या शब्दाची जागा (खरा शब्द सांकेतिक रूपात ‘शॅडो’ नावाच्या दुसऱ्या, बंदोबस्तातील फाईलमध्ये असतो), वापरणाऱ्याचा क्रमांक, त्याच्या गटाचा क्रमांक, पूर्ण नाव वगैरे माहिती, त्याच्या खोलीचा पत्ता, आणि तो आत आल्यावर सुरू करावयाचा कार्यक्रम. यांतील तिसरा रकाना विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावा, कारण सगळी गोम तेथेच आहे. आपण नावे वाचतो, यंत्र मात्र क्रमांक वाचते. एखादी फाईल कोणाची, हे यंत्र फाईलबरोबर लिहून ठेवते, परंतु तेथे ‘शारदा’ किंवा ‘गोविंद’ असे लिहीत नाही. १०४१ असा नुसता आकडा लिहिते. आपण पाहावयास गेलो की यंत्र रजिस्टरात तो आकडा शोधते आणि त्याच्यासमोरील नाव आपल्याला दाखवते. रूटचा क्रमांक शून्य. सामान्य माणसांचे क्रमांक आजकाल बहुधा १००० पासून सुरू होतात.

आता आमच्या चुकीची हकीकत. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शाळेत होतो. तेथील संगणक कक्षात एक मुख्य यंत्र व त्याला जोडलेली आठ-दहा लहान यंत्रे होती. किल्ल्या सांभाळणारे शिक्षक बदलून गेले आणि ते काम आमच्याकडे आले. वर्ष संपले तेव्हा मुख्य यंत्राची जागा भरत आली होती. आम्ही शाळा सोडून गेलेल्यांची यादी घेतली आणि एका दुपारी एकेक खाते काढून टाकले. आज्ञा सोपी होती. ‘युजरडेल’ असे लिहून पुढे नाव लिहिले की रजिस्टरातील ओळ जाते. तिच्याबरोबर ‘आर’ हे अक्षर जोडले तर त्या माणसाची खोलीही आतल्या सर्व सामानासह नाहीशी होते, आणि टपालाची पेटीही. आम्हांस जागा हवी होती. आम्ही ‘आर’ जोडले. यंत्राने एकदाही ‘नक्की ना?’ असे विचारले नाही. कागद जाळला तर राख तरी उरते. येथे राखही उरली नाही.

जून महिन्यात एक विद्यार्थिनी दाखला घ्यावयास आली. जाता जाता म्हणाली, “सर, माझ्या आजीच्या ओव्या तेवढ्या घ्यायच्या राहिल्यात. पेन ड्राइव्ह आणलाय.” तिने वर्षभर दर रविवारी आजीजवळ बसून जात्यावरच्या साठेक ओव्या लिहून घेतल्या होत्या, आणि वहीवरून त्या संगणकावर उतरवल्या होत्या. वही पावसाळ्यात भिजून गेली होती. आणि आजी वैशाखात वारली होती. आम्ही तिला काय सांगितले, ते येथे लिहीत नाही. ती काही बोलली नाही. नमस्कार करून गेली. रागावली असती तर बरे झाले असते.

या प्रसंगातून पहिला धडा मिळतो तो असा: खाते आणि खात्यातील वस्तू या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माणसाचा प्रवेश बंद करणे हा एक निर्णय. त्याच्या कामाचे काय करावयाचे, हा दुसरा निर्णय. दोन्ही एकाच घटकेला, एकाच अक्षराने घ्यावयाचे नसतात. आपल्या भागाचाच इतिहास पाहा. देवास एकच शहर, पण तेथे पवारांची दोन राज्ये नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे म्हणतात तशातलाच तो प्रकार. आपला कन्नौद-खातेगावचा मुलूख होळकरांचा. १९४८ साली ही सर्व संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, आणि १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात. राज्यकर्त्यांचे अधिकार संपले. परंतु म्हणून रयतेची शेते नाहीशी झाली नाहीत, की विहिरी बुजवल्या गेल्या नाहीत. धनी बदलला, तरी शेतांच्या नोंदी पुढे चालू राहाव्या लागल्या. शहाणपणाने बंद केलेले खाते असे असते.

हकीकत येथे संपली असती तर आम्ही तो दोष मनाशी ठेवून गप्प राहिलो असतो. पण आगस्टमध्ये नववीत नव्याने आलेला एक मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, सामाईक फोल्डरात माझ्या नावावर कोणाचे तरी कागद आहेत. मी ठेवले नाहीत. उघडून पाहिले, तर कोणाची तरी गाणी आहेत. मला वाटलं तुम्हांला सांगावं.”

हे कसे झाले? आम्ही ‘आर’ जोडून खाते काढले, तेव्हा त्या मुलीची खोली रिकामी झाली होती. पण वाड्याचा सामाईक ओटा झाडला गेला नव्हता. तिने वार्षिक अंकासाठी काही ओव्या निवडून त्यांची एक प्रत सामाईक फोल्डरात ठेवली होती आणि दुसऱ्या कोणी ती वाचू नये अशी कडीही लावली होती. मालकाचे नाव रजिस्टरातून गेले. फाईलवर मात्र १०४१ हा आकडा तसाच राहिला. अशा फाईलला निपुत्रिकाच्या इस्टेटीसारखी बेवारस फाईल म्हणावे. आता नवे खाते उघडताना यंत्र कोणता क्रमांक देते, ते पाहा. बहुधा ते वापरात असलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक देते. काही प्रणाली मध्ये रिकामी झालेली पहिली जागा भरतात. त्या मुलीचे खाते यादीत शेवटचे होते. ते काढल्यावर सर्वांत मोठा क्रमांक १०४० उरला. म्हणून जूनमध्ये आलेल्या मुलाला यंत्राने १०४१ हाच क्रमांक दिला. यंत्राला माणसे ओळखता येत नाहीत. १०४१ चा कागद, १०४१ ची कडी, १०४१ ची किल्ली: त्याच्या हिशेबी सर्व यथास्थित होते! त्या मुलीने आपल्या हाताने बंद केलेली फाईल तिने कधीही न पाहिलेल्या मुलासाठी आपोआप उघडली.

मुलगा सरळ मनाचा होता, म्हणून त्याने येऊन सांगितले. आणि दैवयोग असा, की आमच्या एका चुकीने जे गेले होते, त्यातील थोडेसे दुसऱ्या चुकीने परत आले. त्या फाईलमध्ये चौदा ओव्या होत्या. साठांपैकी चौदा. आम्ही त्या छापून त्या मुलीच्या घरी पोहोचवल्या. परंतु विद्यार्थ्यांनी या योगायोगावर भरवसा ठेवू नये. त्या जागी ओव्यांऐवजी एखाद्याचे खासगी पत्र असते, वैद्यकीय कागद असता, किंवा एखाद्या शिक्षकाने तयार केलेली प्रश्नपत्रिका असती, तर? म्हणून दुसरा धडा असा: गेलेल्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. शाळेच्या जुन्या रजिस्टराने हे शहाणपण केव्हाच आत्मसात केले आहे. मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे तर आपल्या आधार क्रमांकाचे उदाहरण घ्या. माणूस वारल्यावर त्याचा क्रमांक निष्क्रिय करतात. २०२५ साली असे दोन कोटींहून अधिक क्रमांक निष्क्रिय केल्याचे जाहीर झाले. पण मृताचा क्रमांक नव्या माणसाला दिला जात नाही. बारा आकड्यांची तूट पडेल म्हणून कोणी जुने क्रमांक फिरवीत नाही. कारण क्रमांकाला चिकटलेला इतिहास फिरवता येत नसतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग खाती काढण्याच्या भानगडीतच का पडावे? राहू द्यावीत जशीच्या तशी! हा मार्ग वरवर दयाळूपणाचा दिसतो. पण तो सर्वांत धोक्याचा आहे. ज्या घरात कोणी राहत नाही, त्याच्या कुलपाकडे कोणाचे लक्ष नसते. कुलूप तुटले तरी ओरड करणारा नसतो. ७ मे २०२१ रोजी अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीला आपली हजारो किलोमीटर लांबीची इंधनवाहिनी बंद करावी लागली. टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या बाजूपर्यंत पेट्रोल, डिझेल व विमानाचे इंधन नेणारी ही वाहिनी. पाच-सहा दिवस ती बंद राहिली; पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. खंडणीखोरांनी कंपनीच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद केली होती आणि कंपनीने त्यांना सुमारे ४४ लक्ष डॉलर मोजले. ते आत शिरले कोठून? बाहेरून कंपनीच्या जाळ्यात येण्यासाठी ठेवलेल्या एका जुन्या खात्यातून. ते खाते वापरात असण्याचे कारण उरले नव्हते. पण ते बंदही केलेले नव्हते, आणि परवलीच्या एका शब्दावाचून त्याला दुसरी राखण नव्हती. खिडकी कोणी फोडली नाही. मागचे दार उघडेच राहिले होते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. पेशव्यांच्या शिक्क्यावर छत्रपतींचे व पेशव्यांचे स्वतःचे नाव असे. अर्थात माणूस बदलला की शिक्का बदलावा लागे. जुना शिक्का कोणाच्याही हाती पडू दिला, तर मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत हुकूम सुटतील, हे भय उघड होते. परवलीचा शब्द हा आजचा शिक्काच होय.

तर मग जाणाऱ्याला निरोप द्यावा कसा? न काढावे तर चोर शिरतो, घाईने काढावे तर ठेवा जातो, अर्धवट काढावे तर एकाची वस्तू दुसऱ्याच्या हाती पडते. या तिन्ही संकटांतून वाट काढण्यासाठी जाणकारांनी जो क्रम ठरवला आहे, तो पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिली पायरी सूचनेची. जाणाऱ्याला आधी कळवावे: अमुक तारखेस तुमचे खाते बंद होईल, आपले कागद घेऊन जा. ही पायरी यंत्राची नसून माणुसकीची आहे. आम्ही नेमकी हीच विसरलो होतो.

दुसरी पायरी कुलूप लावण्याची. ठरलेल्या दिवशी खाते काढावयाचे नाही. फक्त त्याचे दार बंद करावयाचे. यंत्र परवलीच्या सांकेतिक शब्दापुढे एक उद्गारचिन्ह घालते, म्हणजे तो शब्द कशाशीही जुळेनासा होतो. एवढ्यावर मात्र थांबू नये. काहीजणांजवळ परवलीच्या शब्दाशिवाय आत येण्याची निराळी सांकेतिक किल्ली असते. तिला हे उद्गारचिन्ह अडवीत नाही. म्हणून खात्याची मुदतच मागील तारखेस संपली, अशी नोंद करावी. मग दोन्ही दारे बंद होतात. कुलपाचा गुण असा की ते पुन्हा काढता येते. चूक झाली असेल तर दुरुस्त करता येते.

तिसरी पायरी चालू कामे थांबवण्याची. माणूस गेला तरी त्याने यंत्राला नेमून दिलेली कामे चालूच असू शकतात: रोज रात्री अमुक करावे, दर सोमवारी तमुक पाठवावे. ती शोधून थांबवावीत. यंत्रही येथे मदत करते. ज्याचे काम चालू आहे, त्याचे खाते काढावयास सांगितले तर सामान्यतः ते नकार देते. दार आधी लावावे, कामे नंतर थांबवावीत. उलट केले तर थांबवलेला मनुष्य पुन्हा आत येऊन काम सुरू करील.

चौथी पायरी गाठोडे बांधण्याची. त्याची संपूर्ण खोली एका गाठोड्यात बांधून निराळ्या जागी ठेवावी, त्यावर नाव, क्रमांक व तारीख लिहावी आणि गाठोडे उघडते की नाही, हे एकदा उघडून पाहावे. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. ती नुसती आशा होय.

पाचवी पायरी वारसाची. जे काम शाळेचे आहे, उदाहरणार्थ वेळापत्रक, गुणपत्रके किंवा अंकाचे लेख, ते पुढील जबाबदार माणसाच्या नावे करून द्यावे. जे खासगी आहे, ते त्याचे त्याला द्यावे; आपण वाचू नये. रूटला सर्व खोल्या उघडता येतात, हा अधिकार नव्हे, ही जोखीम आहे. वाड्याच्या मालकाजवळ किल्ली असते म्हणून तो भाडेकऱ्याची पत्रे वाचीत नाही.

सहावी पायरी खाते काढण्याची. जी आज्ञा आम्ही सर्वांआधी दिली, ती खरोखर सहाव्या क्रमांकाची आहे. ठरलेली मुदत संपल्यावर, गाठोडे सुखरूप आहे याची खात्री झाल्यावर, मगच ती द्यावी.

सातवी पायरी ओटा झाडण्याची. ज्यांना रजिस्टरात मालक उरलेला नाही, अशा फाईली सबंध यंत्रात शोधून काढण्याची एक आज्ञा असते. अशा फाईलपुढे नावाऐवजी नुसता आकडा दिसतो, तीच तिची खूण. ती सापडली की तिची व्यवस्था लावावी. तसेच त्या माणसाला ठाऊक असलेले सामाईक परवलीचे शब्दही बदलावेत. एका किल्लीच्या चार नकला असतील, तर एक परत घेऊन काय उपयोग?

आठवी पायरी नोंदीची. कोणाचे खाते, कोणत्या क्रमांकाचे, केव्हा व कोणाच्या हुकमाने बंद झाले, गाठोडे कोठे ठेवले, हे लिहून ठेवावे. आणि तो क्रमांक पुन्हा देऊ नये. क्रमांक राखून ठेवण्याचा सोपा उपाय म्हणजे नवे खाते उघडताना तो यंत्रावर न सोपवता आपणच वहीतील पुढचा क्रमांक नेमून देणे. पुष्कळ ठिकाणी तर रजिस्टरातील ओळ काढीतच नाहीत. कायमचे कुलूप लावून ती तशीच राहू देतात. म्हणजे फिरून आपण दाखल-खारीज रजिस्टराच्याच रीतीवर आलो!

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्याइतके त्या यंत्रात असते तरी काय? मुलांचे निबंध, चित्रे, गाणी. होय, तेच असते. पण एखाद्याच्या निबंधात काय दडले आहे, हे यंत्राला कळत नाही, आणि घाईत असलेल्या मास्तरांनाही कळत नाही. ते फक्त ज्याचे त्यालाच ठाऊक असते. म्हणून काढण्यापूर्वी त्याला विचारावयाचे असते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या बँकेत, इस्पितळात, तहसील कचेरीत किंवा एखाद्या महासंगणकापाशी बसतील. तुमच्या हाती अनेकांच्या खोल्यांच्या किल्ल्या येतील. नवे खाते उघडताना लोक तुम्हांस धन्यवाद देतील. बंद करताना समोर कोणीही नसेल, कारण ज्याचे खाते, तो गेलेला असेल. अशा वेळी माणसाची खरी परीक्षा होते. आणि ज्यांना किल्ल्या मिळणार नाहीत, त्यांनीही एवढे करावे: शाळा, कचेरी किंवा गाव सोडताना आपली खाती आठवावीत, आपले ते आपण बरोबर घ्यावे, दुसऱ्याचे ते त्याला सोपवावे, आणि निघताना दार आपल्या हाताने लावावे.

यंदा येथील संगणक कक्षातील खाती बंद करण्याचे काम आमच्याकडे आहे. शाळा सोडून जाणाऱ्यांच्या नावांची यादी दारावर लावली आहे. जून संपेपर्यंत कोणाचीही खोली रिकामी केली जाणार नाही. ज्याचे जे असेल, त्याने ते येऊन घेऊन जावे. ज्यांना येता येणार नाही, त्यांच्या नावाचे गाठोडे बांधून ठेवू. आणि कोणाच्या घरी आजी असेल, तर तिच्या ओव्या कागदावरही लिहून ठेवाव्यात.